दुपट्ट्याखालची इंग्रजी

खामगावात आज माझं गुरांच्या खाद्याचं, सरकी-ढेपेचं दुकान आहे. मी कधीकाळी पाचवीच्या पोरांना इंग्रजी शिकवत होतो हे माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांना खरं वाटत नाही. ज्यांना माहीत आहे ते म्हणतात, "बरं झालं नोकरी गेली, म्हणून तर वर आलात." हे वाक्य मला आवडत नाही. एखाद्याच्या घरी चोरी झाली आणि पुढं त्यानं मेहनतीनं दुप्पट कमावलं, म्हणून चोरी झालीच नव्हती असं होत नाही.

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या होत्या, मास्तर कमी पडत होते, आणि मॅट्रिक झालेला पोरगा दिसला की त्याला शाळेत उभं करत. मलाही तसंच उभं केलं. गाव वडनेर भोलजीच्या पुढं, सडक सोडून दीड कोस आत. पहिली ते पाचवीची शाळा, तीन मास्तर, त्यातले एक हेडमास्तर. माझं ट्रेनिंग झालेलं नव्हतं, म्हणून मी कच्चा. दर उन्हाळ्यात माझी नेमणूक संपायची आणि शाळा उघडताना नवा कागद येतो का याची वाट बघायची. पक्कं व्हायचा रस्ता एकच होता. तालुक्यातल्या दोन-तीन कच्च्या मास्तरांना परिषद ट्रेनिंगला पाठवायची, आणि कोणाला पाठवायचं ते तपासणीला येणाऱ्या साहेबाच्या शेऱ्यावर ठरायचं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "या खेपेला यादीत तुमचं नाव आहे. तपासणी चांगली झाली तर गेलात ट्रेनिंगला. नाही झाली तर पुढच्या साली ही जागा तुमची नाही. आता ट्रेनिंग झालेले मास्तर मिळून राह्यले परिषदेले."

म्हणजे सगळं एका दिवसावर आलं होतं.

इंग्रजी पाचवीत सुरू होई आणि ते शिकवायला दुसरं कोणी तयार नव्हतं. हेडमास्तरांना इंग्रजी सहीपुरतं येत होतं. मला येत होतं ते मी नांदुऱ्याला एका औषधांच्या दुकानात खोकी उचलताना शिकलो. वडील गुरांच्या बाजारात दलाल, घरात शिकायचं वातावरण नव्हतं. खोक्यांवरचं एकेक नाव वाचत मी शब्द गोळा केले. पण खोक्यावर वाक्य नसतं. मॅट्रिकला पहिल्यांदा बसलो तेव्हा दोन पानांचा निबंध एका दमात लिहिला, मध्ये कुठं टिंब-कॉमा देऊन थांबलो नाही, आणि इंग्रजीत नापास झालो. दुसऱ्या वेळी थांबायला शिकलो होतो. म्हणून मास्तर झाल्यावर पोरांना शब्दांइतकंच थांबणंही शिकवायचं असं मी ठरवलं होतं.

पहिली अडचण पोरं हजर नसण्याची. दिवाळीनंतर कपाशी फुटते, आणि पाचवीच्या वयाची पोरं घरच्यांना वेचणीला लागतात. हजेरीपटावर एकोणीस नावं, समोर सहा-सात डोकी. बाकीचे मास्तर हे चालायचंच म्हणून सोडून देत. मी गावात फिरलो. कपाशी कशी वेचतात हे मला माहीत होतं. सकाळी बोंडावर दव असतं, ओला कापूस वेचला तर गंजीत काळा पडतो, म्हणून दव उतरेपर्यंत कोणी वेचणीची ओटी कमरेला बांधत नाही. दिवस उगवल्यापासून दव उतरेपर्यंतचा वेळ कोणाच्याच कामाचा नसतो. मी तोच मागितला.

एका घरी माय अंगण झाडत होती. मी म्हटलं, "पोरीला सकाळी तासभर पाठवा. दव उतरलं की सोडतो."

"पोरीले इंगरेजी कशाले मास्तर? सासरी गेल्यावर म्हशीले इंगरेजीतून हाक मारन का?"

"म्हैस मराठीतून तरी येते का तुमच्या?"

ती हसली, पण कबूल झाली नाही. "आन तासभर ती चूल पाहाते. ते कोन पाहीन?"

"तुमचा दीर फौजेत आहे. त्याची पत्रं कोण लिहून देतं?"

"पोस्टमन देते. आठ-आठ दिस फिरवते मले."

"मी देतो. महिन्याला दोन पत्रं. पोरगी सकाळची माझी."

"तीन," ती म्हणाली.

तीनवर सौदा पटला. असाच सगळ्या गावाशी सौदा केला. कोणाला तहसिलीतला अर्ज लिहून हवा होता, कोणाला सोसायटीचा कागद वाचून हवा होता. एक बाप फार ताणू लागला तेव्हा माझा पारा चढला. मी त्याला भर चावडीपुढं म्हटलं की तुझा पोरगा जन्मभर तुझ्यासारखाच अंगठा टेकवत बसेल. तो काठी घेऊन उठला, लोकांनी धरलं. पण दुसऱ्या दिवशी त्याचाही पोरगा आला. हप्ताभरात एकोणीसच्या एकोणीस पोरं सूर्य उगवता उगवता शाळेच्या तरटाच्या पट्ट्यांवर बसलेली असत. नाकं वाहात, अंगावर आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे गुंडाळलेले.

दुसरी अडचण लिहिण्याची. मी फळ्यावर एखादं वाक्य खुणांशिवाय लिहायचो आणि पोरांनी ते पाटीवर नीट करून लिहायचं. वाक्यं त्यांच्याच घरची. माझ्या बापाकडे दोन बैल, एक गाय आणि एक शेळी आहे. तुझी विहीर कुठं आहे. माझा भाऊ नांदुऱ्याला जातो. मोठं अक्षर कुठं, कॉमा कुठं, फुलस्टॉप कुठं, प्रश्नाची खूण कुठं, आणि 'इज' की 'आर', ते त्यांनी ठरवायचं. मोठ्या अक्षराचं त्यांना फार नवल वाटे.

"सारे अक्षरं सारखेच तं असतेत गुरुजी. यांच्यात लहान-मोठं कशाले?"

"वाक्याचं पहिलं अक्षर मोठं. माणसाचं नाव, गावाचं नाव, त्याचंही मोठं. मान म्हणून."

तीन पत्रांच्या बोलीवर आलेली ती पोरगी पुढच्या पट्टीवर बसे. ती म्हणाली, "आमच्या बैलालेबी नाव हाय."

"त्यालाही मान द्यायचा."

"आन मांजरीले?"

"नाव ठेवलं असेल तर."

त्या दिवशी गावातल्या साऱ्या जनावरांना नावं मिळाली.

पण पाटी बघितली की एकाचं बघून दुसऱ्यानं लिहिलेलं. हुशार पोरगा जिथं टिंब देई तिथं सगळ्या ओळीनं टिंबं. चुकला तर सगळे चुकत. दोन-चार पोरांना मी चोपलंही, त्यानं काही झालं नाही. ओरडून ओरडून घसा बसला. मग एका बाजारच्या दिवशी वडिलांना भेटायला गेलो असताना मला मार्ग सुचला.

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात, हातांवर खांद्यावरचा दुपट्टा टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, मूठ धरली की पंजा, त्यावर आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असतात, कोणाला काही कळत नाही. गिऱ्हाईक मान हलवतं, दलाल पुन्हा बोटं धरतो. दोघांचं जमलं की दुपट्टा निघतो. मी लहानपणी वडिलांच्या कमरेला धरून हे तासन्‌तास बघितलं होतं. आमच्या भागात हे बघितलं नाही असं पोर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरांच्या जोड्या लावल्या. एकोणीस पोरं, म्हणून एक जोडी तिघांची. मधे फडकं टाकायचं. एक बोट म्हणजे फुलस्टॉप. दोन म्हणजे कॉमा. तीन म्हणजे प्रश्नाची खूण. मूठ म्हणजे मोठं अक्षर. मी फळ्यावरच्या वाक्यातल्या एकेका जागेवर छडी ठेवायची आणि दोघांनी एकाच वेळी फडक्याखाली आपापली बोटं एकमेकांच्या हातात द्यायची. सारखी आली तर सौदा पटला, लिहा. नाही आली तर तोंडानं बोलायचं नाही, पुन्हा विचार करायचा, पुन्हा बोटं द्यायची. आणि एक नियम मी कडक ठेवला. सौदा पटल्याशिवाय पाटीला पेन्सिल लावायची नाही. जागा मोकळी सोडायची.

पोरांना ते आवडलं. शेजारच्या जोडीचं बघून काही मिळत नव्हतं, कारण खरा व्यवहार फडक्याखाली होता. जोडीतला एक चुकला तर दुसरा त्याची बोटं पिरगाळून त्याला चुकीवर ठाम राहू देत नसे. कधी कधी दोघंही हट्टी निघत, लाल होऊन एकमेकांकडे बघत बसत, आणि त्या वेळात दोघंही वाक्याचा खराखुरा विचार करत. मी दुसऱ्या कोणत्याही मार्गानं त्यांना इतका वेळ एका टिंबाचा विचार करायला लावू शकलो नसतो.

"काऊन बे, तीन बोटं कशाले देऊन राह्यला?" एकदा एक पोरगा न राहवून ओरडला. "तो काय इचारून राह्यला का? सांगून राह्यला ना तो!"

"बोलू नको," मी म्हटलं. पण त्याचं बरोबर होतं.

हेडमास्तर एकदा सकाळी लवकर आले. माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले आणि पाऊण तास तिथून हलले नाहीत. मग आत येऊन खाली पट्टीवर बसले, तिघांच्या जोडीतल्या एकाला बाजूला करून त्याच्या जागी स्वतःचा दुपट्टा टाकला आणि पोराच्या हातात बोटं दिली. चुकली. पोरगा हसू दाबत मान हलवत होता. हेडमास्तर मनापासून हसले.

"मास्तर, तुमच्या बापानं तुम्हाला बरोबर शिकवलं," ते मला म्हणाले. "एवढ्या वर्षांत असं मी पाहिलं नाही."

हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, स्वतःच्या हातानं केलं, आणि मला तोंडानं बोलून दाखवलं. मी हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

तपासणी पौषात आली. त्या एका दिवशी पोरांना वेचणीला न्यायचं नाही असं मी घरोघरी कबूल करून घेतलं होतं. साहेब नवीन होते, पुण्याकडचे, सावकाश बोलणारे. त्यांनी आधीच्या चार इयत्ता बघितल्या, दप्तर बघितलं, आणि दुपारच्या सुट्टीनंतर पाचवीत आले. मी आदल्या दिवशी पोरांना सांगून ठेवलं होतं की उद्या फडकी आणायची नाहीत, जोडीनं बसायचं नाही, साहेब सांगतील ते आपापलं लिहायचं. पोरांनी मान डोलावली होती. पोरं मान नेहमीच डोलावतात.

साहेबांनी स्वतः फळ्यावर वाक्यं लिहिली. सोपी होती. पोरं वाकून लिहू लागली. मी साहेबांच्या मागं उभा होतो, आणि मला पहिल्यांदा दिसलं की कोपऱ्यातल्या दोघांचे डावे हात पट्टीवर एकमेकांकडे सरकले आहेत. मग दुसऱ्या ओळीत. फडकं नव्हतं, म्हणून कोणी सदऱ्याचं टोक ओढलं होतं, कोणी पाटीखाली हात घातला होता. तोंडं बंद, नजर फळ्यावर, आणि साऱ्या वर्गाचे हात जोडीजोडीनं धरलेले.

साहेबांनीही ते बघितलं. ते दोन ओळींमधून चालत गेले, एका पोराच्या हातावरचं सदऱ्याचं टोक छडीनं उचललं. खाली दोन बोटं दुसऱ्याच्या मुठीत.

"हे काय आहे?"

पोरगा घाबरला. "सौदा हाय जी."

"कसला सौदा?"

"कॉमाचा."

साहेब माझ्याकडे वळले. "मास्तर, खुणा ठरवून दिल्या आहेत तुम्ही मुलांना?"

मी हो म्हटलं. खरं होतं.

"म्हणजे ज्याला येतं तो ज्याला येत नाही त्याला बोटांनी सांगतो. वर्गात कॉपी बघितली आहे मी, पण मास्तरांनी शिकवलेली पहिल्यांदाच बघतो आहे."

त्या क्षणी सांगता आलं असतं. बाजार, दुपट्टा, दोघांनी एकाच वेळी बोटं द्यायची, सगळं पाच मिनिटांत समजावता आलं असतं. पण कॉपी हा शब्द ऐकून माझं डोकं तापलं. मी हेडमास्तरांकडे बघितलं. ते दारात उभे होते, त्यांच्या खांद्यावर तोच दुपट्टा होता. मी म्हटलं, "हेडमास्तरांना विचारा. त्यांना माहीत आहे."

साहेबांनी विचारलं, "तुम्हाला या प्रकाराची कल्पना होती?"

हेडमास्तरांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सकाळचा जादा वर्ग ते स्वतःच घेतात साहेब. माझ्याकडे पहिली-दुसरी असते."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. त्यांच्या पेन्शनला तीन वर्षं राहिली होती. हे मला तेव्हाही समजत होतं आणि आजही समजतं. समजतं म्हणून मान्य आहे असं नाही.

मी साहेबांना म्हटलं, "पोरांना एकेकटं बसवा. अंगणात. दहा-दहा हातांवर. नवीन वाक्यं द्या. मग बघा त्यांना येतं का नाही."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. एकोणीसपैकी दहा मुलांचं बरोबर आलं तर मी माझे शब्द मागं घेतो, आणि शेरा चांगला देतो."

आयुष्यभर मी सौदे केले. समोरचा उतरला की आपण गप्प बसायचं, हे मी चालायला शिकायच्या आधी शिकलो असेन. साहेबानं पहिल्याच बोलीत निम्म्यावर आणून ठेवलं होतं. मी गप्प बसलो नाही.

"दहा नाही," मी म्हटलं. "पंधरा. पंधरा आले नाहीत तर मी नोकरी सोडतो, आजच चार्ज देतो. ट्रेनिंगला पाठवू नका."

"मास्तर," साहेब म्हणाले, "विचार करून बोला."

"पंधरा," मी पुन्हा म्हटलं. हेडमास्तरांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हटलं.

पोरं अंगणात पांगून बसली. एक कडुनिंबाखाली, एक हौदाजवळ, एक पार झेंड्याच्या खांबाला टेकून. साहेबांनी फळा बाहेर आणवून भिंतीला लावला आणि वाक्यं लिहिली. लांबून मला त्यांचे हात दिसत होते. पोरं लिहीत, थांबत, डावा हात बाजूला नेत आणि तिथं कोणी नाही हे बघून परत मांडीवर ठेवत. पुढच्या पट्टीवरची ती पोरगी हौदाजवळ होती. तिनं स्वतःचा डावा हात परकराच्या घोळात धरला होता आणि उजव्या हातातली पेन्सिल दातात ठेवून त्याच हातानं आपलीच बोटं मोजून धरत होती. धरून सोडायची, मान हलवायची, पुन्हा धरायची. मग लिहायची.

पाट्या गोळा झाल्या. साहेब ओट्यावर बसून एकेक तपासू लागले. त्यांनी बरोबरच्या पाट्या डावीकडे आणि चुकीच्या उजवीकडे ठेवल्या. मी आकडा त्यांच्याबरोबर मनात मोजत होतो.

डावीकडे अकरा झाल्या. त्या पोरीची त्यात होती. उजवीकडे आठ.

उजवीकडच्या आठ मी उचलून बघितल्या. शब्द बरोबर होते, 'इज' आणि 'आर' जागच्या जागी होते. चुकीचं चिन्ह जवळजवळ कुठंच नव्हतं. नुसत्या जागा सोडलेल्या होत्या. जिथं कॉमा हवा तिथं बोटभर जागा, वाक्य संपलं तिथं दोन बोटं जागा. कोणत्या जागेवर काहीतरी यायला हवं हे त्या आठांना नेमकं समजलं होतं. सौदा पटला नव्हता, म्हणून त्यांनी पेन्सिल लावली नव्हती. माझाच नियम त्यांनी पाळला होता.

मी हे साहेबांना दाखवलं. आता सांगितलं, बाजारापासून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाट्या पुन्हा बघितल्या.

"असेलही," ते म्हणाले. "पण अकरा. मी दहा म्हटलं होतं. पंधरा तुम्ही म्हटलं."

मला त्यांच्याशी आणखी घासाघीस करता आली असती. जिभेवर होती. पण आपण स्वतः बोललेला आकडा मोडणारा दलाल दुसऱ्या बाजारात उभा राहू शकत नाही. मी म्हटलं, "चार्ज देतो."

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की पाचवीच्या वर्गात अयोग्य पद्धत आढळली आणि शिक्षकांनी स्वतःहून पद सोडण्याची इच्छा दर्शवली. 'इच्छा' हा शब्द त्यांचा.

ते गेल्यावर हेडमास्तर माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "एक माफीचा अर्ज लिहा. रागाच्या भरात बोललो असं लिहा. मी स्वतः घेऊन जातो ऑफिसात. साहेब मनाचा बरा आहे."

"लिहितो," मी म्हटलं. "त्याच कागदावर खाली तुम्ही लिहा. हेडमास्तरांनी हा वर्ग दिवाळीनंतर स्वतः पाहिला, स्वतः पट्टीवर बसून केला, आणि त्यात कॉपी नाही. सही करा."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याची घडी घातली.

"तेवढं नका सांगू मास्तर. मग माझ्यावर येते, तपासणीत खोटं बोललो म्हणून."

"खोटं बोलला नव्हतात तुम्ही. नुसते गप्प होतात."

"तेच तं."

"मग राहू द्या."

"तुमचा स्वभाव तुम्हाला खाईन एक दिवस."

"खाऊ द्या. उपाशी तर मरणार नाही कोणी."

ते उठून गेले. पुढं ते सुखानं रिटायर झाले असं ऐकलं. शेगावच्या दर्शनबारीत एकदा मला लांबून दिसले होते. त्यांनी हात वर केला. मी ओळख दिली नाही. ते त्यांचं एक क्षण गप्प राहणं माझ्या हिशेबात अजून तसंच आहे. लोक मला म्हणतात की आकडा तुम्हीच वाढवला. खरं आहे. पण ते एक वाक्य बोलले असते, तर आकड्यापर्यंत गोष्ट गेलीच नसती.

माझ्या जागी येणारा मास्तर आठवड्यानं आला. ट्रेनिंग झालेला, नीटनेटका, माझ्याच वयाचा. त्यानं माझ्यावर काही अन्याय केला नव्हता, आणि मीही त्याच्याशी सरळ वागलो. टेबल, खुर्ची, नकाशा, पट्ट्या, खडूचा डबा, सगळं यादीप्रमाणं दाखवलं आणि त्याची सही घेतली. मग पोरांबद्दल सांगितलं. पुस्तक कुठवर झालं, कोणाला 'इज' आणि 'आर' पक्कं आहे, कोणाला ओरडलं की बंद पडतं. हौदाजवळ बसलेल्या पोरीबद्दल सांगितलं की हिला पुढं बसवा आणि हिच्या घरी महिन्याला तीन पत्रं लिहून द्यायची आहेत. ते त्यानं वहीत टिपून घेतलं. गावाशी केलेले बाकीचे करारही टिपून घेतले, आणि दव उतरायची वेळही.

पोरं पट्ट्यांवर बसली होती, सवयीनं जोडीजोडीनं, मधे हात जाईल एवढी जागा ठेवून. नव्या मास्तरानं ते बघितलं.

"ही पोरं अशी दोघं दोघं काऊन बसतात?" त्यानं मला विचारलं. "काही पद्धत आहे का तुमची?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. एकाही पोरानं तोंड उघडलं नाही. व्यवहार चालू असताना मधे बोलायचं नसतं, हे त्यांना मीच शिकवलं होतं.

ती पद्धत माझी होती, तिची किंमत मी मोजली होती, आणि त्याच्याकडे त्या बदल्यात मला द्यायला काही नव्हतं.

"पट्ट्या कमी आहेत," मी म्हटलं, आणि वडनेरच्या रस्त्याला लागलो.